पाय फरशीला, काटा ऐंशीवर

शिवणीच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गाला लागलं की थोड्याच वेळात एक दृश्य हमखास दिसतं. डावीकडच्या पदरातून एक ट्रक चाललाय. त्याच्या बाजूला, मधल्या पदरात, दुसरा ट्रक त्याला ओलांडतोय. ओलांडतोय म्हणजे काय, शेजारी शेजारी चाललाय. पुढच्याच्या मागच्या चाकाशी याचं तोंड होतं, मिनिटभरानं ते दारापर्यंत आलं, आणखी मिनिटभरानं आरशापर्यंत. मागे गाड्यांची रांग लागते, हॉर्न वाजतात, उजव्या पदरातून 120 नं येणारी कार करकचून ब्रेक लावते. कारमधल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो: अरे, जरा दाब की!

नांदगाव खंडेश्वरच्या एका टायरच्या दुकानापुढं मी हाच प्रश्न एका ड्रायव्हरला विचारला. मोर्शीकडची संत्री भरून वाशीला निघालेला. जॅकवर चढवलेल्या गाडीशेजारी उभा राहून तो म्हणाला, "पाय त फरशीले टेकला हाये, भाऊ. गाडीच ऐकत नाई."

गाडी ऐकत नाही, कारण तिला ऐकू नको असं सांगून ठेवलंय. ट्रकमधल्या त्या सांगणाऱ्या यंत्रणेला ड्रायव्हर लोक नुसतं 'गव्हर्नर' म्हणतात. सरकारी भाषेत तो वेगनियंत्रक. त्याच्यावर ड्रायव्हरांचा राग आहे. तो राग कुठं खरा आहे आणि कुठं नाही, हे समजायला आधी हे यंत्र काय करतं ते पाहायला हवं.

गिरणीतला गव्हर्नर

गावात वीज सुरळीत नव्हती तेव्हा पिठाची गिरणी डिझेल इंजिनावर चालायची. विहिरीवरचं पाणी ओढायलाही तेच इंजिन. ज्यांनी ते ऐकलंय त्यांना आठवेल: रिकामी गिरणी फिरत असताना इंजिनाचा आवाज हलका, एकसुरी असायचा. चाडीत ज्वारी ओतली की आवाज क्षणभर बसायचा, जड व्हायचा आणि मग पुन्हा ठेका धरायचा. कोणी हात लावलेला नसायचा. ओझं वाढलं म्हणून इंजिन मंदावलं, आणि आपलं आपणच जास्त डिझेल घेऊन सावरलं.

हे सावरणं गव्हर्नरचं काम. इंजिनासोबत फिरणाऱ्या दांड्यावर दोन वजनं बसवलेली असतात. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या झोक्याच्या खुर्च्या आठवा. पाळणा जोरात फिरला की खुर्च्या बाहेर फेकल्या जातात, मंदावला की खाली येतात. ही वजनंही तशीच. इंजिन फार जोरात फिरलं की ती बाहेर जातात आणि डिझेलची दांडी मागे ओढतात. मंदावलं की आत येतात, दांडी पुढं सरकते, डिझेल वाढतं.

जेम्स वॉटनं 1788 मध्ये हे तंत्र आपल्या वाफेच्या इंजिनाला लावलं म्हणून त्याचं नाव झालं. पण फिरत्या वजनांची युक्ती त्याआधी पवनचक्क्यांमध्ये होती. वारा वाढला, जातं जोरात फिरू लागलं की दोन तळ्यांमधली फट नीट राखायचं काम ती करायची. म्हणजे गव्हर्नर मुळात पिठाच्या गिरणीतलाच.

ट्रकच्या डिझेल इंजिनातही असा गव्हर्नर पहिल्यापासून आहे, पण तो इंजिनाचे फेरे सांभाळतो. रस्त्यावरचा वेग त्याला कळत नाही. वेगनियंत्रक हा त्याचा धाकटा भाऊ. तो चाकाकडं पाहतो.

पेडल म्हणजे नुसता अर्ज

गिअरबॉक्समधून चाकांकडं जाणाऱ्या दांड्याजवळ एक दातेरी चकती असते आणि तिच्यासमोर बोटाएवढा सेन्सर. एकेक दाता समोरून गेला की सेन्सर एकेक ठोका पाठवतो. सेकंदाला किती ठोके आले, यावरून छोटा संगणक वेग काढतो. ड्रायव्हरसमोरचा काटाही त्याच ठोक्यांवर हलतो.

जुन्या गाड्यांना हे यंत्र बाहेरून बसवलं गेलं. कुठं डिझेलच्या नळीत एक झडप घातली, कुठं एक्सलेटरच्या तारेला छोटी मोटर जोडली. 80 जवळ आले की झडप आवळते किंवा मोटर तार सैल सोडते. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांत वेगळं काही बसवावं लागत नाही. तिथं पेडलपासून इंजिनापर्यंत तारच नाही. पेडल म्हणजे नुसता अर्ज, आणि मंजुरी द्यायची की नाही ते इंजिनाचा संगणक ठरवतो. 80 च्या खाली अर्ज जसाच्या तसा मंजूर. 80 जवळ आले की थोडा थोडा नामंजूर. तुम्ही पेडल फरशीला टेकवा, वरून उभे राहा, डिझेल तेवढंच मिळणार.

लोकांचा एक गैरसमज इथंच दूर व्हावा. हे यंत्र इंजिन बंद करत नाही, झटका देत नाही, ब्रेकही लावत नाही. फक्त डिझेल राखून देतं. त्यामुळं उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून सोडली तर ती शंभरावरही जाईल आणि गव्हर्नर बघत राहील, कारण त्याच्या हातात डिझेलची चावी आहे, पृथ्वीच्या ओढीची नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारायची सवय आपल्याकडं जुनी आहे. नव्या इंजिनांत तिनं वाचत काहीच नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर संगणक डिझेल पूर्ण तोडतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. वर गिअरची अटक सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो, तो वेगळाच.

नियम काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतला 118 वा नियम वेगनियंत्रकाचा. 15 एप्रिल 2015 च्या अधिसूचनेनं तो कडक झाला. 1 ऑक्टोबर 2015 पासून तयार होणाऱ्या व्यापारी वाहनांना कारखान्यातूनच 80 वर बांधलेला वेगनियंत्रक हवा. डंपर, टँकर, शाळेच्या बस आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना 60. दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांच्या गाड्यांना सूट. पासिंगला गाडी नेली की तो आहे का, सील शाबूत आहे का, हे बघितलं जातं.

एप्रिल 2018 मध्ये रस्त्यांच्या वेगमर्यादाही केंद्रानं नव्यानं ठरवल्या. मालवाहू गाड्यांना द्रुतगती मार्गावर आणि चौपदरी रस्त्यावर 80, बाकी रस्त्यांवर 60. म्हणजे यंत्र 80 वर बांधलेलं, आणि गावातून जाणाऱ्या दुपदरी रस्त्याची मर्यादा 60. यंत्राला कुठला रस्ता ते कळत नाही. शाळा सुटायच्या वेळी गावच्या फाट्यावरून 75 नं जाणारा ट्रक त्याच्या दृष्टीनं शहाणाच असतो. या नियमातली मला सर्वांत जास्त खुपणारी फट हीच आहे, आणि तिच्याविषयी बोललं मात्र फार कमी जातं.

ऐंशीच का? विहिरीचा हिशेब

वेग थोडा वाढला की मार थोडाच वाढतो, असं आपलं मन सांगतं. ते खरं नाही. वेग दुप्पट झाला की गाडीच्या अंगातली ऊर्जा चौपट होते. हे आकड्यांत पटत नाही, म्हणून विहिरीच्या भाषेत सांगतो.

60 च्या वेगानं भिंतीला धडकणं म्हणजे सुमारे 46 फूट खोल कोरड्या विहिरीत पडणं. 80 ला ती विहीर 83 फुटांची होते. 100 ला जवळजवळ 130 फुटांची. गाडी कार असो की ट्रक, विहिरीची खोली तीच. फरक इतकाच की दहाचाकी ट्रक स्वतःसकट 28 टनांचं ओझं घेऊन पडतो, आणि वाटेत जे येईल ते चिरडतो.

थांबण्याचंही तसंच. समोर काही दिसलं आणि पाय ब्रेकवर पडला, यात दीड सेकंद जातो असं धरा. रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम.

> चौकट: वेग वाढला की काय वाढतं
>
> 60 किमी: थांबायला सुमारे 53 मीटर. विहीर 46 फूट.
>
> 80 किमी: थांबायला सुमारे 83 मीटर. विहीर 83 फूट.
>
> 100 किमी: थांबायला सुमारे 119 मीटर. विहीर 129 फूट.
>
> वेगनियंत्रक करतो: डिझेल राखतो, म्हणून इंजिनाच्या जोरावर 80 च्या वर जाता येत नाही.
>
> वेगनियंत्रक करत नाही: ब्रेक लावत नाही, उतार थोपवत नाही, रस्ता ओळखत नाही, ड्रायव्हरची झोप ओळखत नाही.

ब्रेक तापलेले असले, टायर गुळगुळीत असले, गाडीत पासिंगपेक्षा जास्त माल असला की हे आकडे आणखी लांबतात. शिवाय हवा. गाडीला अडवणारा वारा वेगाच्या वर्गानं वाढतो. 80 चे 90 केले की हवेचा अडसर सव्वापट. तो पैसा डिझेलच्या टाकीतून जातो. म्हणून चार-सहा गाड्यांचा मालक गव्हर्नरला फारशी नावं ठेवत नाही. राग असतो तो स्टिअरिंगवर बसलेल्याचा, कारण त्याचा हिशेब डिझेलवर नसतो, फेरीवर असतो.

दोन मिनिटांचं कोडं

आता पहिल्या दृश्याकडं येऊ. दोन्ही ट्रकांना 80 चीच मर्यादा, मग एक दुसऱ्याला ओलांडतोच कसा?

उत्तर त्या टायरच्या दुकानातच उभं होतं. संगणक मोजतो ते चाकाचे फेरे. एका फेऱ्यात गाडी किती पुढं जाते हे त्याला एकदाच सांगून ठेवलेलं असतं. ट्रकचं मोठं चाक एका फेऱ्यात सव्वातीन मीटरच्या आसपास जातं. टायर झिजला, जाडी दहा-बारा मिलिमीटरनं कमी झाली, की चाक तेवढं बुटकं होतं आणि तेवढ्याच फेऱ्यांत गाडी थोडी कमी जाते. काट्यावर 80, रस्त्यावर 78. नवे टायर असलेला दुसरा ट्रक खरोखर 80 नं चाललाय. दोघांचेही पाय फरशीला, दोघांच्याही काट्यावर 80, आणि दोघांत दोन किलोमीटरचा फरक.

ताशी दोन किलोमीटर म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, माणसाच्या रमतगमत चालण्याहूनही कमी. दोन्ही गाड्यांची लांबी आणि मागं-पुढं सोडायचं अंतर धरून ओलांडायला साधारण 70 मीटर पुढं सरकावं लागतं. लागतात दोन मिनिटं आणि वर सहा सेकंद. तेवढ्यात दोन्ही गाड्या पावणेतीन किलोमीटर पुढं गेलेल्या असतात.

म्हणजे ड्रायव्हर मुजोरी करत नसतो. त्याच्या हातात जेवढं आहे तेवढं तो करतोय. अशा ओलांडण्याला जर्मनीत हत्तींची शर्यत म्हणतात. तिथं हाम शहरातल्या वरिष्ठ न्यायालयानं 2008 मध्ये मोटामोटी 45 सेकंदांचं माप घातलं. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर ओलांडायला निघूच नये. बऱ्याच टप्प्यांवर तिथं ट्रकांना ओलांडायची बंदीच आहे.

ड्रायव्हर काय म्हणतात

ढाब्यावर, पंपावर, पासिंगच्या रांगेत हा विषय काढला की तक्रारी साधारण त्याच येतात. त्यांना अडाण्यांचं बोलणं म्हणून सोडून देणाऱ्यांनी एकदा त्यांच्या शेजारी बसून शंभर किलोमीटर जावं.

पहिली तक्रार पिकअपची. "अडचणीत निघाले जोर त ठेवाच लागते ना, भाऊ." समोरून गाडी आली, आपण अर्धे ओलांडलेले, अशा वेळी गव्हर्नर गळा धरतो. ऐकायला हे पटतं. पण हिशेब वेगळा निघतो. 28 टनांची लोड गाडी, 200 अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन. ती गव्हर्नर नसतानाही 80 वरून 90 ला न्यायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागेल. समोरची गाडी अर्धा मिनिट थांबत नाही. लोड गाडीला संकटातून काढतो तो ब्रेक. खाली गाडीची गोष्ट निराळी, तिथं जोर खरोखर उरतो. पण वेगात खाली गाडी नाचतेही तितकीच.

दुसरी तक्रार फरकाची, आणि तिच्यात माझ्या मते पूर्ण तथ्य आहे. समृद्धीवर हलक्या गाड्यांना 120 आणि ट्रकांना 80. मागून येणारी कार दर सेकंदाला 11 मीटर जवळ येते. शंभर मीटरवर ट्रकनं पदर बदलला तर कारवाल्याजवळ नऊ सेकंद. चढावर लोड गाडी 40 वर आली तर तेच साडेचार सेकंद. माणसाचा मेंदू समोरच्या गाडीचा मागचा दिवा बघून तिचा वेग ओळखत नाही, ती बरीच मोठी दिसायला लागल्यावरच त्याला कळतं. अमेरिकेतल्या ट्रकचालकांच्या संघटनांनी नेमकं हेच कारण सांगून विरोध केला. तिथं 2016 मध्ये ताशी 60, 65 किंवा 68 मैलांवर ट्रक बांधायचा प्रस्ताव आला होता. नऊ वर्षं रेंगाळून तो जुलै 2025 मध्ये मागे घेतला गेला. युरोपात मात्र बारा टनांवरच्या ट्रकांना 1994 पासून 90 ची मर्यादा यंत्रानं बांधली आहे, पुढं ती साडेतीन टनांवरच्या सगळ्यांना लागू झाली. कॅनडातल्या ओंटारियो आणि क्युबेकनं 2009 पासून 105 ठरवली. पण युरोपात यंत्रासोबत पदराची शिस्त आहे: तीन पदरांच्या रस्त्यावर ट्रकनं सर्वांत वेगाच्या पदरात जायचंच नाही. आपण यंत्र आणलं, शिस्त मागे राहिली.

तिसरी झोपेची. सरळ, मोकळा रस्ता. पाय फरशीला टेकवून ठेवलेला, काटा एकाच जागी. गिअर नाही, ब्रेक नाही, गाव नाही, चहाची टपरी नाही. रात्री दोन वाजता हे मेंदूला अंगाईसारखं लागतं. जुन्या रस्त्यावर बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला करत जाताना दर थोड्या वेळानं काहीतरी आडवं यायचं, तेच जागं ठेवायचं, असं ड्रायव्हर सांगतात. मला हे खोटं वाटत नाही. पण त्यावर उपाय वेग वाढवणं हा नाही, थांबणं हा आहे. आणि थांबायला दोन गोष्टी लागतात, जागा आणि सवड.

सवड कोण खातं?

चौथी तक्रार वेळेची, आणि तिथं मी जरा रेंगाळणार आहे.

नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत समृद्धी 701 किलोमीटर. एकदाही न थांबता 80 नं गेलं तर पावणेनऊ तास. 90 नं गेलं तर सुमारे सात तास सत्तेचाळीस मिनिटं. म्हणजे गव्हर्नर काढून टाकला, सगळी वाट 90 नं मारली, तर हातात येतात अठ्ठावन्न मिनिटं. प्रत्यक्षात चढ, टोल, चहा धरले की त्याहूनही कमी.

त्या संत्र्यांच्या गाडीचंच घ्या. सकाळी बागेत गाडी लागली. तोडणी व्हायची होती. मजूर दुपारी आले, माल भरून ताडपत्री बांधेपर्यंत संध्याकाळ. तेवढ्यात टायर बसला. आता वाशीत पहाटेच्या बाजाराला पोचायचं. उशीर झाला तर भाव उतरतो आणि बोलणी ड्रायव्हर खातो. धान्याच्या गाडीचं तर त्याहून वाईट: "गोदामापुढं दिवसभर उभं ठेवते, अन् मंग म्हणते, लवकर पोच."

या वाक्यात मला सगळा विषय दिसतो. भरताना आणि उतरवताना गेलेल्या दहा तासांचा हिशेब कोणी मागत नाही, त्याचे पैसे ड्रायव्हरला मिळत नाहीत. ते दहा तास भरून काढायची अपेक्षा मात्र रस्त्यावर असते, जिथं ते भरून निघूच शकत नाहीत. दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हे 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं. युरोपातल्या ट्रकमध्ये ड्रायव्हर किती तास चाकावर होता हे नोंदवणारं यंत्रही वेगनियंत्रकासोबत असतं; साडेचार तासांनी पाऊण तास थांबणं सक्तीचं आहे. तिथं यंत्र चाकावरही पहारा ठेवतं आणि मालकावरही. आपण फक्त चाकावर ठेवला. मग सील तुटतात, वायर निघते, पासिंगच्या आदल्या दिवशी पुन्हा जोडली जाते. हे चूक आहे, आणि जिवाशी खेळ आहे. पण ती वायर काढणाऱ्या हातामागं कोणाचा फोन वाजत असतो, तेही बघायला हवं.

वेगनियंत्रक असावा, 80 असावा, आणि दुपदरी रस्त्यावर 60 ची मर्यादा पाळली जाण्यासाठीही काही सोय व्हावी, असं माझं स्वच्छ मत आहे. त्याचबरोबर ट्रकसाठी महामार्गावर दिवे असलेली, पाणी आणि संडास असलेली थांबायची जागा हवी, आणि माल भरायला लागलेल्या वेळाचे पैसे ड्रायव्हरच्या हातात पडायला हवेत. हे दुसरं काम पहिल्याहून अवघड आहे, कारण ते यंत्र बसवून होत नाही.

पाच किलोमीटरची गोष्ट

टायर बदलून झाला तेव्हा अंधार पडला होता. निघताना त्या ड्रायव्हरला विचारलं, मग त्या दोन मिनिटांच्या ओलांडण्यावर काही इलाज?

तो म्हणाला, पुढच्यानं पाय उचलावा.

मी घरी येऊन गणित मांडलं. 78 नं चाललेल्यानं पाय जरासा सैल सोडला आणि वेग 73 वर आणला, तर फरक सातचा होतो. दोन मिनिटं सहा सेकंदांचं काम छत्तीस सेकंदांत होतं. जर्मनीतल्या न्यायालयाच्या 45 सेकंदांच्याही आत. पाय उचलणाऱ्याचे जातात जेमतेम तीन-चार सेकंद.

जुने ड्रायव्हर हे करतातही. रात्री समृद्धीवर नीट बघितलं तर दिसतं. बाजूचा ट्रक पूर्ण पुढं गेला की मागे राहिलेला एकदा डिपर मारतो: ये, जागा झाली. पुढचा डावीकडं येतो, आणि पदरात बसला की एकदा डावा, एकदा उजवा इंडिकेटर लुकलुकवतो. मागची रांग सुटते.